धडधड एकदम सुरू होते, एकदम थांबते : रोजची गोळी की ॲब्लेशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४. गेली अकरा वर्षे मधूनच छाती एकदम धडधडायला लागते, नाडी १९०च्या आसपास जाते, दहा मिनिटे ते पाऊण तास हे चालते आणि आले तसे एकदम थांबते. बरीच वर्षे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून चिंतेवरची गोळी मिळत राहिली. गेल्या महिन्यात धडधड चालू असतानाच कॅज्युअल्टीत ईसीजी निघाला, शिरेतल्या इंजेक्शनने ती थांबली आणि पीएसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातल्या विजेच्या बिघाडाने एकदम उठणारी जलद धडधड, असे निदान झाले. आता एक डॉक्टर रोज गोळी घ्या म्हणतात, दुसरे ॲब्लेशन (शिरेतून तार नेऊन हृदयातला बिघाडाचा ठिपका निकामी करणे) करून टाका म्हणतात. दुसऱ्या बाळाचाही विचार चालू आहे. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे, ‘आता मी एकटी कुठे जातच नाही.’

मला ते शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे वाटले. वर्षातून तीन-चार वेळा, अर्धा-पाऊण तास येणाऱ्या आजाराने उरलेल्या सगळ्या वर्षावर ताबा मिळवला आहे. म्हणून ‘गोळी बरी की ॲब्लेशन’ एवढेच सांगून भागणार नाही. तुमच्यासाठी काय बरे, हे तीन गोष्टींवर ठरेल : ही धडधड नेमकी कुठल्या प्रकारची आहे, हृदयाची बाकीची रचना कशी आहे, आणि तिच्यापायी तुम्ही काय काय सोडून दिले आहे. पहिल्या दोन गोष्टी कागदावरून कळतात. तिसरी डॉक्टरांनी विचारावी लागते, आणि ती बहुतेक वेळा विचारायची राहून जाते.

आधी टेन्शनबद्दल, कारण तुमची अकरा वर्षे त्यात गेली. हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडलेले नाही. १९९७ साली १०७ पेशंटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांची लक्षणे पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत चपखल बसत होती, आणि निम्म्याहून जास्त लोकांत पहिल्या तपासणीत पीएसव्हीटी ओळखलाच गेला नव्हता. कारणही साधे आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असते, ईसीजी नॉर्मल येतो, आणि समोर घाबरलेला, हात थरथरणारा माणूस दिसतो. नाडी १९० झाल्यावर कोणीही घाबरणारच! आधी धडधड आली आणि मग भीती, की उलटे, हे विचारायला वेळ द्यावा लागतो.

मी पेशंटला एकच गोष्ट करायला सांगते : ‘धडधड कशी होते ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवा.’ ज्याला अधूनमधून एखादा जादा ठोका येतो तो टक, टक, मग जरा थांबून एक जोरात टक असे वाजवतो. एट्रियल फिब्रिलेशनवाला, म्हणजे ज्याचे वरचे कप्पे लय सोडून नुसते थरथरतात तो, कशाचा कशाला मेळ नसलेले वाजवतो. चिंतेने ठोके वाढतात तेव्हा ते हळूहळू चढतात आणि हळूहळूच उतरतात, म्हणून असा माणूस सावकाश सुरू करतो. तुमच्यासारखा पेशंट मात्र बोट टेकवल्या क्षणापासून शिवणाच्या मशीनसारखे एका लयीत वाजवायला लागतो आणि मधेच हात उचलतो. ‘अस्से बंद होते,’ म्हणतो. एकदम सुरू आणि एकदम बंद, ही खूण फार मोलाची आहे. तुम्ही लिहिलेल्या आणखी दोन गोष्टी याच्याशी जुळतात. गळ्यात ठोके उडताना जाणवणे, आणि नंतर बराच वेळ लघवीला जावे लागणे. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले गेले की वरच्या कप्प्यांतले रक्त बंद झडपेवर आपटते आणि मानेच्या शिरांत मागे उसळते. ते कप्पे ताणले गेले की जास्त लघवी करायला लावणारे एक संप्रेरक सोडतात. टेन्शनमध्ये हे दोन्ही असे जोडीने सहसा होत नाही.

आत काय चालते ते सांगते, म्हणजे पुढच्या सगळ्या उपायांचा अर्थ लागेल. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे वीज जायला एकच दार असते, एव्ही नोड. काही लोकांत जन्मतःच त्या दाराशी पोचायला दोन वाटा असतात, एक वेगाची आणि एक सावकाश. वेगाची वाट एकदा वापरली की तिला विसावा जरा जास्त लागतो. एरवी वीज वेगाच्या वाटेने खाली जाते आणि काही बिघडत नाही. पण एखादा ठोका वेळेआधी आला, आणि तेव्हा वेगाची वाट अजून विसावाच घेत असली, तर तो सावकाश वाटेने खाली उतरतो. तो खाली पोचेपर्यंत वेगाची वाट मोकळी झालेली असते. मग वीज तिच्यावरून वर चढते, पुन्हा सावकाश वाटेने खाली येते, आणि घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत राहते. एक फेरी साधारण एक तृतीयांश सेकंदाची, म्हणजे मिनिटाला १८० ठोके. ही साखळी एका ठिकाणी, एका क्षणासाठी जरी तुटली तरी सगळे जागच्या जागी थांबते. घरचे उपाय, इंजेक्शन, गोळी, ॲब्लेशन हे सगळे ती कडी तोडण्याचेच वेगवेगळे मार्ग आहेत.

आता एक अडचण. पीएसव्हीटी हे आडनाव आहे, नाव नव्हे. वर सांगितलेला दोन वाटांचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, दहातल्या सहा जणांत, आणि बायकांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. पण काहींत वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायूचा एक वेगळाच धागा असतो आणि वीज त्यातून फिरते. थोड्या लोकांत वरच्या कप्प्यातला एखादा ठिपकाच भराभर ठोके सोडत असतो. तुमचा ईसीजी मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमचा प्रकार कुठला हे मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांना ते दोन कागद शेजारी ठेवून बऱ्याच अंशी सांगता येईल : धडधड चालू असतानाचा ईसीजी आणि थांबल्यावरचा ईसीजी. ईसीजीचा कागद बहुतेक ठिकाणी उष्णतेने उमटणारा असतो आणि वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. आजच दोन्हींचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. अकरा वर्षांनी हाती लागलेला पुरावा आहे तो.

थांबल्यानंतरच्या कागदावर एक गोष्ट मुद्दाम विचारून घ्या : ‘यात डेल्टा वेव्ह आहे का?’ मुख्य ठोक्याची रेघ सरळ वर न चढता सुरुवातीला तिरकी चढते, तिला डेल्टा वेव्ह म्हणतात. वर सांगितलेला स्नायूचा वेगळा धागा असल्याची ती खूण. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० साली अशा ११ पेशंटांचे वर्णन केले, म्हणून याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. तसे असेल तर माझे पुढचे बरेचसे उत्तर बदलते. त्या जादा धाग्यावर दाराचा पहारा नसतो. पुढेमागे एट्रियल फिब्रिलेशन झाले तर वरची सगळी खळबळ थेट खाली उतरू शकते, आणि ते जिवावर बेतू शकते. अशा पेशंटला एट्रियल फिब्रिलेशन चालू असताना व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन देणे घातक ठरते, आणि ॲब्लेशनकडे माझा कल लगेच झुकतो.

डेल्टा वेव्ह नसेल आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल असेल, तर ‘यातच माझा जीव जाईल का’ या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. हा आजार त्रास देणारा आहे, जीव घेणारा नाही. हा हार्ट ॲटॅकही नव्हे. ॲटॅक हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो म्हणून घरच्यांची फार घाबरगुंडी उडते. हार्ट ॲटॅकमध्ये रक्ताची नळी तुंबते. इथे नळ्या ठीक आहेत, वायरिंगमध्ये एक जादा वाट आहे.

पण काही गोष्टी घडल्या तर घरी थांबायचे नाही. धडधडीत शुद्ध हरपणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, धाप लागून बोलता न येणे, किंवा घरचे उपाय करूनही वीस-तीस मिनिटांत न थांबणे. व्यायाम करताना भोवळ येऊन पडलात, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते त्यांना सांगा. आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाची एका लयीतली धडधड ही वेगळी आणि धोक्याची बाब असते. त्याने हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.

आता घरचा उपाय, कारण एकटीने बाहेर पडायचे धैर्य मला वाटते इथून सुरू होईल. तुम्ही लिहिता की ‘खोकून पाहिले, गार पाणी प्यायले, काही होत नाही.’ जोर लावायची, म्हणजे श्वास कोंडून जोराने फुंकायची, पद्धत नीट शिकवली तर तिचा गुण बराच येतो. इंग्लंडमध्ये ४२८ पेशंटांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. नुसते बसून जोर लावणाऱ्यांत १७ टक्के लोकांची धडधड थांबली. जोर लावल्याबरोबर आडवे करून पाय वर उचललेल्यांत ४३ टक्के लोकांची. औषध नाही, सुई नाही, फक्त पाय वर!

ती अशी करायची. पाठीला उशी लावून अर्धवट टेकून बसा. १० मिलीची नवी, सुई नसलेली सिरिंज घ्या आणि तिच्या टोकातून इतक्या जोराने फुंका की दट्ट्या जेमतेम हलेल. तेवढाच जोर १५ सेकंद टिकवा. मग लगेच पाठीवर सपाट आडवे व्हा आणि दुसऱ्या कोणीतरी तुमचे दोन्ही पाय साधारण ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरावेत. मग परत टेकून बसा. पाऊण-एक मिनिटात फरक पडला नाही तर पुन्हा एकदा करा. एकट्या असाल तर आडवे होऊन पिंढऱ्या खुर्चीवर किंवा भिंतीला टेकवा. मी सिरिंज पेशंटच्या हातात देते आणि धडधड नसतानाच समोर दोनदा करून घेते. बहुतेक जण पहिल्या खेपेला सहा-सात सेकंदांतच श्वास सोडतात आणि ‘झाले की’ म्हणतात. १५ सेकंद किती लांब असतात हे तेव्हा कळते. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा आजार, झडप आवळलेली असणे किंवा गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने असतील तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मानेची शीर चोळणे आणि डोळ्यांवर दाब देणे घरी अजिबात नको. पहिल्याने पक्षाघाताचा धोका असतो, दुसऱ्याने डोळ्याला इजा होते.

यानेही थांबली नाही तर कॅज्युअल्टी. तिथे बहुधा ॲडिनोसिन देतात, तुम्हालाही तेच दिले असावे. ते रक्तात दहा सेकंदसुद्धा टिकत नाही, म्हणून दंडाच्या मोठ्या शिरेतून झटकन देऊन मागोमाग सलाईन ढकलावे लागते. तुम्ही लिहिले आहे, ‘इंजेक्शन देताना मी मेले असेच वाटले.’ तसे वाटतेच. छाती आवळते, चेहरा तापतो, आणि कागदावर दोन-चार सेकंद सपाट रेघ येते. मग एक ठोका, जरा थांबून दुसरा, आणि नंतर नेहमीची लय. ती सपाट रेघ म्हणजेच साखळी तुटलेली असते. देण्याआधी हे दोन वाक्यांत पेशंटच्या कानावर घातले पाहिजे. तुम्हाला कोणी सांगितले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तुमची निम्मी भीती त्या पाच सेकंदांतली आहे. दमा असेल तर ते आधी सांगा, आणि इंजेक्शन देण्याआधी ईसीजी काढायला सांगा. एकदा थांबली की पुरावा गेला.

गोळ्यांबद्दल माझे मत असे आहे की त्या धडधड कमी करतात, मुळापासून घालवत नाहीत. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, किंवा व्हेरापामिल, डिल्टियाझेम या नेहमीच्या गोळ्या. काहींना त्या छान मानवतात. काहींना थकवा, हातपाय गार पडणे, बद्धकोष्ठता, बीपी उतरणे असा त्रास होतो. दमा असेल तर बीटा ब्लॉकर जपून. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल या दोन जातींच्या गोळ्या आपल्या मनाने एकत्र घ्यायच्या नाहीत, नाडी धोकादायक मंदावते. चालू गोळी एकदम बंदही करायची नाही. वर्षाला तीन-चार वेळा येणाऱ्या धडधडीसाठी ३६५ दिवस गोळी घेणे मला तरुण पेशंटच्या बाबतीत पटत नाही, पण ज्यांना ॲब्लेशन नको आहे त्यांचा तो हक्क आहे. काहींना धडधड आल्यावरच घ्यायची गोळी देता येते. तिचा पहिला डोस मात्र देखरेखीखाली घ्यावा, कारण धडधड थांबल्यावर नाडी आणि बीपी फार उतरू शकतात.

आता ॲब्लेशन. ‘हृदय जाळतात’ हे शब्द तुमच्या मनात बसले आहेत, म्हणून मी प्रत्यक्ष काय करते ते सांगते. जांघेत जागा बधिर करून शिरेतून पातळ तारा हृदयापर्यंत नेतो. छाती उघडत नाही. आधी आम्ही तुमची धडधड मुद्दाम सुरू करून बघतो, प्रकार नक्की करतो आणि थांबवतो. ती थांबवायची साधने तिथे हाताशी असतात, त्यामुळे घाबरू नका. मग सावकाश वाटेच्या जागी तारेचे टोक टेकवतो. ते साधारण ४ मिलीमीटरचे असते. त्यातून टोक ५० ते ६० अंशांपर्यंत तापेल एवढी ऊर्जा देतो आणि तेवढाच ठिपका निकामी करतो. ऊर्जा चालू झाली की पडद्यावर एव्ही नोडजवळून निघालेले काही ठोके दिसू लागतात. जागा बरोबर लागल्याची ती खूण. त्या वेळी माझे सगळे लक्ष एकाच गोष्टीवर असते : प्रत्येक ठोका वरच्या कप्प्याकडे परत पोचतो आहे ना. एक जरी चुकला तरी तत्क्षणी ऊर्जा बंद. शेवटी पुन्हा धडधड सुरू करायचा प्रयत्न करतो. ती सुरू होत नाही याची खात्री झाली की काम संपते. बहुतेक वेळा दीड-दोन तास लागतात, नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचे, आणि आठवडाभर जड उचलायचे नाही.

दोन वाटांच्या प्रकारात हे शंभरात ९५ हून जास्त लोकांत यशस्वी होते, आणि थोड्या लोकांत, शंभरात तीन-चार म्हणा, धडधड परत येते. खरा धोका एकच मोठा. सावकाश वाट मुख्य दाराच्या अगदी शेजारी असते आणि दारालाच धक्का लागला तर कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो. हे शंभरात एकापेक्षाही कमी वेळा होते, पण ज्याला होते त्याच्यासाठी ते शंभर टक्के असते, म्हणून सही घेताना मी यावर घाई करत नाही. जांघेत रक्त साकळणे त्याहून जास्त वेळा दिसते आणि बरे होते. हृदयाभोवती रक्त जमणे किंवा गुठळी होणे क्वचित. दाराच्या फारच जवळ जावे लागत असेल तर काही केंद्रांत गोठवण्याची पद्धत वापरतात. तीत थोडे गोठवून आधी अंदाज घेता येतो, पण धडधड परत येण्याचे प्रमाण जरा जास्त असते.

मी सगळ्यांना ॲब्लेशन सुचवत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा येते, सिरिंज फुंकली की थांबते, मनात भीती नाही, अशा माणसाला मी तसेच जगा म्हणते. तुमच्या बाबतीत मात्र कल ॲब्लेशनकडे जातो, आणि त्याचे मोठे कारण दुसरे बाळ. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण आणि नाडी वाढते आणि बऱ्याच जणींची धडधड वाढते. तेव्हाही जोर लावण्याची पद्धत बहुतेक काळ चालते, ॲडिनोसिनही देता येते, त्यामुळे आधीच दिवस गेले तर घाबरायचे कारण नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो रोजची गोळी नको असते, आणि पोटात बाळ असताना ॲब्लेशन अगदी नाइलाज झाला तरच करतात. आधी करून मोकळे होणे सोपे. मूल हवे आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. हृदयाचा नकाशा संगणकावर काढून, एक्स-रे फार कमी वापरून किंवा न वापरताही हे बऱ्याच ठिकाणी करतात. ज्या डॉक्टरांकडे करणार त्यांना विचारा की या प्रकारची ॲब्लेशन ते वर्षाला किती करतात आणि पेसमेकर लावायची वेळ किती जणांवर आली. असे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. मला विचारले तर मी आकडे सांगते.

रोजच्या जगण्यात फार बंधने नकोत. झोप मोडणे, मद्य, उपाशी आणि कमी पाण्यावर राहणे यांनी धडधड उठते असे अनेकांच्या बाबतीत दिसते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन असते त्या टाळा, दुकानातून घेताना पाठीमागचे वाचा. कॉफीने प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही, तुमचे तुम्हीच पाहा. पटकन खाली वाकल्यावर सुरू होते असे तुम्ही लिहिले आहे. तेही नेहमीचेच, पण म्हणून आयुष्यभर वाकायचे थांबवू नका. चालणे, पळणे, पोहणे चालेल, फक्त उपचार होईपर्यंत खोल पाण्यात एकट्या जाऊ नका. गाडी चालवताना धडधड आली तर कडेला घेऊन थांबा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासलेले असू द्या. मनगटी घड्याळात ईसीजी असेल तर धडधड येताच ३० सेकंदांची नोंद करून ठेवा, निदानाला मदत होते. पण दिवसातून वीस वेळा नाडी बघत बसू नका.

चिंतेवरची गोळी ‘आता तिची गरज काय’ म्हणून एका दिवसात सोडू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या तर त्याचाच त्रास होतो. ज्यांनी दिली त्यांना नवे निदान दाखवा आणि हळूहळू कमी करायचे वेळापत्रक घ्या. अकरा वर्षांत मनाने शिकलेली भीती मात्र खरी आहे. तिच्यासाठी समुपदेशकाची मदत घेतली म्हणून पहिले निदान बरोबर ठरत नाही.

ॲब्लेशननंतर पहिले काही आठवडे अधूनमधून एखादा जादा ठोका येतो आणि पोटात गोळा येतो, ‘सुरू झाली परत!’ तो ठोका म्हणजे पूर्वी जिच्यातून धडधड पेटायची ती ठिणगीच असते, फक्त आता पुढे फिरायला वाट नसते. दोन-तीन ठोक्यांत विझली तर काही करायचे नाही. पूर्वीसारखी सलग धडधड झाली तर ईसीजी काढून मग फोन करा.

तोवर पर्समध्ये एक १० मिलीची सिरिंज, दोन्ही ईसीजींचे फोटो, आणि चिठ्ठीवर आजाराचे नाव, चालू गोळ्या व थांबवणाऱ्या इंजेक्शनचे नाव ठेवा. या आठवड्यात जवळच कुठेतरी, पंधरा मिनिटांसाठी, एकट्या जाऊन या.